मुस्तकीमच्या गाडीतली पुढची सीट

नाशिक रोड स्टेशनबाहेर टुरिस्ट गाड्या लावणाऱ्या ड्रायव्हरांना मुस्तकीमची एक खोड चांगली ठाऊक होती. तो आपल्या शेजारच्या सीटवर कोणाला बसू देत नसे. माणसं कितीही असोत, दाटीवाटीने मागेच बसवायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "बेल्टचं लॉक बिघडलंय साहेब, पोलीस पकडतात." लॉकला काहीच झालेलं नव्हतं. बाकीचे ड्रायव्हर हसायचे आणि सोडून द्यायचे, कारण माणूस एरवी सरळ होता. भाडं ठरलं की घासाघीस नाही, गिऱ्हाइकाला उलट बोलणं नाही, आणि नमाजाची वेळ झाली की कुठेतरी झाडाखाली चटई टाकून मोकळा.

त्याचा बाप येवल्याला दुसऱ्याच्या मागावर पैठण्या विणायचा. मुस्तकीमलाही पोरवयात मागावर बसवून पाहिलं होतं, पण रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की त्याच्या हातातला धोटा जागीच थांबायचा आणि मान खिडकीकडे वळायची. शेवटी बाप म्हणाला, "जा बाबा, तुझं पोट चाकावरच भरणार." तो नाशिक रोडला मामाकडे आला, गाडी शिकला, पिकअप चालवायला लागला. अफरीनशी लग्न झालं, अरिबा झाली, देवळाली गावात दोन खोल्या घेतल्या. पुढे पिकअप गेली आणि टुरिस्ट पासिंगची पांढरी गाडी आली.

ज्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, त्याचं अर्धं पोट दारूवर चालायचं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी उतरायची आणि त्यांना तो द्राक्षमळ्यांतल्या वायनऱ्या दाखवायला न्यायचा. मोठ्या, नावाजलेल्या जागा सगळ्यांना माहीत होत्या. मुस्तकीमला छोट्या माहीत होत्या: कोण्या नवरा-बायकोने शेतातच काढलेली, कुठे मालक स्वतः ग्लास भरतो, कुठे गाडीला सावली मिळते, कुठलं कुत्रं चावतं. लोक आत जायचे, तो बाहेर थांबायचा. परत येताना ज्यांचे पाय लटपटायचे त्यांना हात देऊन गाडीत चढवायचा. घरी गेला की अफरीन आधी अंघोळीला पाठवायची.

एका वायनरीला मात्र तो कधी जात नसे. दिंडोरीच्या अंगाला, धरणाच्या पाण्याजवळ टेकडीच्या पोटाशी ती होती. आता तिचं नाव सांजवेल. पूर्वी नाव वेगळं होतं, मालक वेगळा होता. गिऱ्हाइकांनी नाव काढलं की तो म्हणायचा, "रस्ता फार खराब आहे, गाडी खालून घासते." आणि दुसरीकडे न्यायचा.

तिथे काय झालं होतं, ते असं.

तेव्हा तो पिकअपमधून द्राक्षांचे क्रेट पोचवायचा. हंगामाचे दिवस होते. सकाळी तो क्रेट उतरवत उभा होता आणि आत एक मोठी स्टीलची टाकी रिकामी करायचं काम चाललं होतं. लाल दारू आंबून झाली की रस काढून घेतात, आणि सालींचा चोथा तळाशी राहतो. तो फावड्याने ओढायला बुडाशी असलेल्या दारातून माणूस आत शिरतो. द्राक्षं आंबताना जो वायू सुटतो तो हवेपेक्षा जड. टाकीच्या तळाशी पाण्यासारखा साचून राहतो. दिसत नाही, आणि कळेपर्यंत पाय जागेवर राहिलेले नसतात. आधी पंखा लावून हवा खेळवायची, मग माणूस सोडायचा, अशी रीत. त्या सकाळी घाई होती. पुढचा माल येऊन पडला होता. पेठकडच्या डोंगरातून हंगामाला आलेला झिपरू नावाचा गडी फावडं घेऊन आत गेला. फावड्याचा आवाज थोडा वेळ आला, मग यायचा थांबला.

आरडाओरडा झाला. दोरी आणली, कोणीतरी तोंडाला ओला गमछा बांधून हात घातला आणि झिपरूला पायाला धरून ओढून काढलं. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता. दारात मुस्तकीमची पिकअप उभी होती. मुकादम म्हणाला, "याला घे, दिंडोरीला चल." मागचा हौदा क्रेटनी भरलेला, म्हणून झिपरूला केबिनमध्येच घातलं. पाय दाराशी दुमडले आणि डोकं गिअरच्या जवळ, जवळजवळ मुस्तकीमच्या मांडीवर आलं. एक माणूस मागे क्रेटवर चढला.

गिअर टाकताना दर वेळी मुस्तकीमचा हात त्या केसांना लागत होता. केस द्राक्षाच्या रसाने ओले होते, लाल, चिकट. झिपरूचे डोळे अर्धे उघडे होते, आणि तो एकच शब्द बोलत होता. "कनसरी." जरा थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा म्हणायचा, "कनसरी."

"कोण कनसरी? बायको का?" मुस्तकीम विचारत होता. "सांगतो मी तिला. तू डोळे उघडे ठेव फक्त. ए दोस्ता, डोळे मिटू नको."

कालव्याच्या पुलावर गाडी चढली आणि आवाज थांबला. मुस्तकीम तरीही बोलत राहिला. दवाखान्याच्या दारात गाडी लावेपर्यंत बोलत राहिला. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि मान हलवली.

झिपरूची माणसं आली तेव्हा तो पोलिसांत जबाब देत होता. त्याची त्यांच्याशी गाठ पडली नाही. मग मुकादमाला त्याने विचारलं, "याची बायको कनसरी का?" मुकादम म्हणाला, "नाही रे, भागीबाई नाव तिचं." बायकोचं नाव भागी, आणि जाताना तोंडात कनसरी. मेलेल्या माणसाचं असलं काही त्याच्या बायकोपुढे उघडं करू नये, असं त्याला वाटलं. तो शब्द त्याने आपल्याजवळच ठेवला.

शब्द राहिला आणि शब्दाबरोबर झिपरूही राहिला.

पहिल्यांदा गिअर टाकताना हाताला ओले केस लागले तेव्हा मुस्तकीमने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि हात पँटला पुसला. पँट कोरडी राहिली. मग ते रोजचं झालं. त्याने पिकअप विकून टाकली. नवी गाडी घेतली, शोरूममधून बाहेर काढली, आणि द्वारका चौकात सिग्नलला थांबला असताना आंबलेल्या द्राक्षांचा वास गाडीभर पसरला. तेव्हा त्याला कळलं की गाडी बदलून उपयोग नाही. त्याची आई, गुलजारबी, त्याला दर्ग्यावर घेऊन गेली. तावीज आलं, ते आरशाला लटकलं. फुंकर घातलेलं पाणी त्याने सगळ्या गाडीत शिंपडलं. डावी सीट तशीच राहिली. सकाळी गाडी उघडली की त्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरलेली असायची, जशी कोणी आत झोपल्यावर धरते. सीटची गादी दबलेली असायची.

झिपरूने त्याला कधी त्रास दिला नाही. कधी दिसला नाही, परत बोललाही नाही. नुसता असायचा. मुस्तकीमला आधी भीती वाटे, मग लाज वाटू लागली, कारण त्याला वाटायचं की हा आपल्याकडून काहीतरी ऐकायला थांबलाय आणि आपल्याला ते माहीत नाही. एकटा असला की तो हळूच बोलायचा. "आज गर्दी आहे रे." "हा पूल कधी होणार कोणास ठाऊक." अफरीन खिडकीतून बघायची, नवरा गाडी लावून आत बसलाय आणि ओठ हलताहेत. तिने एकदा विचारलं, कोणाशी बोलता? तो म्हणाला, फोनवर होतो.

अशी वर्षं गेली.

या फेब्रुवारीत एका रविवारी डोंबिवलीची चार माणसं उतरली, दोन जोडपी. त्यातली एक बाई हसऱ्या तोंडाची, चष्मेवाली. मुस्तकीम डिकीत बॅगा ठेवत होता तोवर ती पुढचं दार उघडून बसूनसुद्धा गेली होती.

"मॅडम, मागे बसा ना. बेल्टचं लॉक..."

तिने बेल्ट ओढला आणि खट्कन लावला. "चालतंय की. मला मागे बसलं की मळमळतं हो दादा. मी इथेच बसते."

मुस्तकीमने गाडी काढली. गंगापूर रोड संपेपर्यंत बाईंनी शाल गुंडाळून घेतली होती.

"एसी कमी करता का जरा? थेट मानेवर येतोय."

"एसी बंद आहे मॅडम."

तिने जाळीसमोर हात धरून पाहिला आणि परत शालीत घेतला. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमच्या गाडीत कोणी वाइन सांडली होती का? द्राक्षाचा वास येतोय. कुजल्यासारखा."

मागून तिचा नवरा हसला. "अगं, अजून एक घोट घेतला नाहीस!"

मुस्तकीमने काच खाली केली. त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला तो वास आल्याचं त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पहिली वायनरी धरणाच्या बाजूची, एका निवृत्त प्राध्यापिकेची. अंगणात चार टेबलं, आणि बाई स्वतः चीजचे तुकडे आणून देणार. दुसरी जागा बिअरची. दोन भावांनी जुन्या भाताच्या गिरणीची शेड घेऊन तिथे तांब्याच्या रंगाची भांडी बसवली होती आणि ज्वारीची बिअर काढत होते. मंडळी तिथे जेवली. मुस्तकीमने बाहेर बाभळीखाली डबा खाल्ला. वेळ बरी चालली होती. तेवढ्यात चष्मेवालीचा नवरा फोन नाचवत आला.

"दादा, आता सांजवेल. तिथे म्हणे भुताची टाकी आहे! हे बघा, किती लोकांनी व्हिडिओ टाकलेत."

"रस्ता फार खराब आहे साहेब."

"नवीन झालाय. यात दिसतोय बघा, डांबरी."

रस्ता खरंच डांबरी झाला होता. कालव्याचा पूल आला, गेला. मुस्तकीमने डावीकडे बघायचं टाळलं. बाई डोळे मिटून बसली होती आणि तिच्या कपाळावर आठी होती.

सांजवेल ओळखू येत नव्हती. दगडी कमान, बोगनवेल, पाण्याकडे तोंड करून खुर्च्या. मागची टाक्यांची शेड तेवढी तीच होती. मुस्तकीम गाडीतच थांबणार होता, पण चष्मेवालीच्या नवऱ्याने त्याच्या हातात फोन दिला. "दादा, चला ना. आमचा चौघांचा व्हिडिओ घ्यायला कोणी नाही." तो फोन घेऊन त्यांच्यामागे गेला.

माहिती देणारा कुंदन नावाचा पोरसवदा माणूस होता. काळा टी-शर्ट, गोड आवाज. त्याने शेडमधले दिवे मालवले आणि एकच पिवळा बल्ब ठेवला. चार नंबरच्या टाकीजवळ सगळ्यांना उभं केलं.

"इथे एक कामगार होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सगळे गेले की गुपचूप यायचा आणि टाकीतून प्यायचा. एका रात्री तोल गेला आणि आत पडला. बुडाला. सकाळी मिळाला तेव्हा म्हणतात चेहऱ्यावर हसू होतं. तो अजून इथेच आहे. ऐका. कान लावा. ग्लास मागतो तो."

चौघांनी थंड स्टीलला कान लावले. टाकीतून खरोखरच आवाज येत होता. वरच्या तोंडातून वारा जाताना बाटलीत फुंकल्यावर येतो तसा, लांब, घुमणारा. बायका किंचाळल्या, पुरुष हसले. "भाई, एक पेग!" कोणीतरी टाकीवर थाप मारून म्हणालं.

मुस्तकीम व्हिडिओ घेत होता. त्याला टाकीच्या बुडाशी ते दार दिसत होतं. इतकं लहान. त्यातून एका धडधाकट माणसाला ओढून काढलं होतं. त्याने फोन ज्याचा होता त्याच्या हातात दिला आणि मागच्या दाराने बाहेर आला.

बाहेर मोरीवर एक बाई ग्लास धुवत होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळावर गोंदण, हात साबणाने पांढरे. वय चाळिशीच्या आसपास. त्याचा चेहरा पाहून तिने हात थांबवला.

"घाबरले का भाऊ? पानी देऊ?"

"घाबरलो नाही ताई. तो आत खोटं सांगतोय. मी होतो तेव्हा इथे. तो माणूस काही बुडाला नव्हता."

बाई उठून उभी राहिली. "कवा होते तुमी?"

"झिपरूला दवाखान्यात नेला तेव्हा. गाडी माझी होती."

तिच्या हातातून ग्लास निसटला, पण बादलीतच पडला. तिने ओले हात लुगड्याला पुसले, सावकाश, एकेक बोट. मग म्हणाली, "मी भागी. झिपरूची बायको."

मुस्तकीमला क्षणभर वाटलं आपण पळून जावं. तो खाली बसला. तीही समोर उकिडवी बसली.

"तुम्ही इथे काम करता? इथे? आणि हे ऐकता रोज?"

"त्यासाठीच आले ना भाऊ," ती म्हणाली. "तोडनीला आले तवा बाया बोलत होत्या, टाकीत झिपरू बोलतो म्हनून. मला वाटलं, जाऊन बघावं. मागून घेतलं काम. माला कोनी वळकत नाय इथं. सगळे जेवाया गेले का मी जाते आत, कान लावते. हाक मारते." तिने मान हलवली. "वारा हाय तो. माला म्हाईत हाय वारा हाय. पन काय सांगावं, एखांद्या दिवशी तो बोलंल. नाय बोलला. आजवर नाय."

"आणि हा पोरगा म्हणतो तो दारू..."

"पीत होता की. सनाला, मोहाची. खोटं कशाला बोलू? पन त्या दिवशी नाय. त्या दिवशी नुसता कामाला आलता." जराशाने तिने विचारलं, "गाडीत जिवंत होता का तो? माला सांगितलं, टाकीतच गेला."

मग मुस्तकीमने सांगितलं. केबिनमध्ये घातल्यापासून कालव्याच्या पुलापर्यंत सगळं. सांगता सांगता शब्दापाशी आला आणि अडला. भागीबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"काय बोलला? बोलला ना काय तरी?"

"एकच नाव घेत होता ताई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कनसरी."

भागीबाईने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मुस्तकीमला कळेना. ती रडत नव्हती.

"ती बाई कोण होती, मी कधी कोणाला विचारलं नाही," तो घाईने म्हणाला.

"बाई?" भागीबाई म्हणाली आणि तिच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं. "आरं भाऊ, आमची कनसरी म्हंजे दानं. भात, नागली. देवी हाय ती आमची. खळ्यावर मळनी झाली, रास पडली, का तिचं नाव घेतेत, मंग सूप उचलतेत. झिपरूच घ्यायचा दर साली. त्याचा आवाज मोठा व्हता." मग ती हळू म्हणाली, "पायाखाली चोथा व्हता ना त्याच्या. मऊ. पेंढ्यासारखा. त्याला वाटलं आसंल खळ्यावर हाय."

आतून कुंदनचा आवाज आणि हसणं ऐकू येत होतं.

मुस्तकीमने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं ते मग त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "ताई, तो टाकीत नाही. माझ्या गाडीत आहे. पुढच्या सीटवर. तेव्हापासून."

हसली असती, शिवी दिली असती, तरी त्याला चाललं असतं. भागीबाईने फक्त विचारलं, "आता हाय?"

"असेल."

ती उठली. बादली उपडी करून ठेवली. "माला दिंडोरीपर्यंत सोड," म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता गाडीकडे चालू लागली.

डोंबिवलीची मंडळी परत आली तेव्हा ती पुढच्या दाराशी उभी होती. मुस्तकीमने सांगितलं, या ताईंना दिंडोरीला सोडायचंय. चष्मेवाली लगेच म्हणाली, "बसू द्या, बसू द्या पुढे. मी मागे जाते." तिला त्या सीटवर परत बसायचं नव्हतं हे उघड होतं.

भागीबाईने दार उघडलं. आत बसण्याआधी ती वाकून सीटकडे बघत राहिली. मग आपल्या बोलीत अगदी रोजच्या आवाजात काहीतरी म्हणाली, एसटीत बाकावर पसरलेल्या घरच्या माणसाला म्हणावं तसं, आणि अर्ध्याच सीटवर, दाराला टेकून बसली. उरलेली अर्धी तिने मोकळी ठेवली.

गाडी निघाली. गिअर टाकताना मुस्तकीमच्या हाताला केस लागले. या खेपेला त्याने हात मागे घेतला नाही. भागीबाई त्याच्या हाताकडे बघत होती. तिने आपलाही हात पुढे केला आणि गिअरच्या जवळ हवेत धरला.

"वलं हाय," ती म्हणाली.

मागून चष्मेवालीने विचारलं, "काय झालं? तुम्हाला बरं वाटत नाही का?"

भागीबाई वळली नाही. "त्या टाकीत मेला तो माझा मालक होता बाई. पिऊन नाय मेला. काम करताना मेला."

कालव्याचा पूल आला तेव्हा भागीबाई बोलायला लागली, आपल्या बोलीत, हळू, न थांबता. मुस्तकीमला त्यातलं फारसं कळलं नाही. बैलाचं काहीतरी होतं, एका पोराच्या लग्नाचं होतं, कोण्या म्हातारीचं होतं. इतक्या वर्षांची घरची खबर ती सांगत होती. दिंडोरीचं स्टँड आलं तरी तिची खबर संपली नव्हती. मुस्तकीमने गाडी बंद केली नाही, मागच्या कोणी निघायची घाई केली नाही. शेवटी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "भाऊ, तुला सवड कवा हाय? याला घरी न्यायला पायजे."

मंगळवारी गाडीला भाडं नव्हतं. मुस्तकीमने तिला दिंडोरीहून घेतलं. तिने सांजवेलचं काम सोडलं होतं. एक पिशवी आणि एक घोंगडी एवढं सामान. मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या होत्या, पण ती पुन्हा अर्ध्या सीटवरच बसली. नाशिकला येऊन पेठचा रस्ता धरला. सावळघाटात गाडी वळणं घेऊ लागली तसा आंबलेला वास विरत गेला आणि काचेतून मोहोराचा वास यायला लागला. पेठ मागे टाकलं. मग डांबर संपलं, मग खडी संपली, लाल मातीचा गाडीरस्ता लागला.

पाड्यात घरं विखुरलेली होती, कुडाची, पुढे शेणाने सारवलेली अंगणं. भागीबाईने एका उताराशी गाडी थांबवायला सांगितली. खाली मोकळी, टणक जमीन होती, मधोमध एक खांब. भाताचा हंगाम केव्हाच उरकला होता. खळ्यावर दोन कोंबड्या काहीतरी टिपत होत्या.

ती उतरली. तिने दार लावलं नाही. दार पूर्ण उघडं धरून बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "चाल, घर आलं."

मुस्तकीम समोर बघत बसला होता. वारा नव्हता. सीटची दबलेली गादी सावकाश वर आली, माणूस उठल्यावर येते तशी, आणि गाडी आपल्या स्प्रिंगवर किंचित हलली. कोंबड्या खळ्यावरून पंख फडफडत बाजूला झाल्या.

भागीबाईने दार लावून घेतलं. खिडकीतून म्हणाली, "भाकर खाऊन जा." तो उतरला, ओसरीवर बसला, नागलीची भाकर आणि उडदाचं बेसन खाल्लं. ती खळ्याकडे तोंड करून बसली होती.

"दिसतो का?" त्याने निघताना विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "पन आता शोधाया कुठं जायचं नाय."

परतीच्या वाटेवर त्याने सगळ्या काचा खाली केल्या होत्या. गिअर टाकताना हाताला फक्त गार दांडा लागत होता. संध्याकाळी घरी पोचल्यावर त्याने अफरीनला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "चला, सुटलात एकदाचे." तो हो म्हणाला. रात्रीचं जेवण झालं, अरिबा अभ्यासाला बसली, आणि मुस्तकीम गाडीला कुलूप आहे का बघायला म्हणून खाली गेला तो बराच वेळ वर आला नाही.

आता त्याच्या गाडीत पुढे कोणीही बसतं. स्टेशनवरचे ड्रायव्हर म्हणतात, लॉक दुरुस्त झालं वाटतं. तो हसतो. परवाच्या रविवारी एक म्हातारे गृहस्थ बसले, ठाण्याचे, बोलके. वायनरीत अर्धाच ग्लास घेतला होता, पण दिंडोरीपर्यंत गुडघेदुखी आणि सुनेचं पुराण थांबलं नाही. मुस्तकीम हो-हो करत होता. मग गृहस्थांनी सीट मागे सरकवली, पाय ताणले, मान टेकवली आणि घोरायला लागले. त्या माणसाने काही वाईट केलं नव्हतं. तरी झिपरूच्या जागेवर त्याला असा पसरलेला बघून मुस्तकीमला एवढा राग आला की त्याने गाडी बाजूला घेतली, "दोन मिनिटं" म्हणून उतरला, आणि मळ्याच्या तारेला धरून उभा राहिला.